भाच्याच्या उपचारासाठी शेत विकू का? अमळनेरकडच्या एका मामांना उत्तर

प्रश्न अमळनेर तालुक्यातल्या एका मामांचा आहे. भाचा सव्वाचार वर्षांचा. सातव्या महिन्यातच जन्मला, जन्मल्यावर बरेच दिवस काचेच्या पेटीत होता. डॉक्टरांनी सेरेब्रल पाल्सी, म्हणजे सीपी (कोवळ्या मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचाली बिघडणं), सांगितलं आहे. दोन्ही पाय ताठ आहेत, उभं केलं की एकावर एक चढतात आणि टाच टेकत नाही. मूल हाताचा टेकू घेऊन बसतं, दोन्ही पाय एकदम ओढत घरभर सरकतं, कशाला तरी धरून क्षणभर उभं राहतं. सगळं समजतं, बोलणं थोडं अडखळतं. बहीण दोन वर्षांपासून माहेरीच आहे, कारण सासरी "ग्रहणात भाजी चिरली म्हणून असं पोर झालं" हे रोज ऐकावं लागत होतं. सकाळ-संध्याकाळ तासभर तेल लावून ती मुलाचे पाय ताणते, मूल रडतं, तीही रडते. आता कोणीतरी मोठ्या शहरातल्या एका ठिकाणचा पत्ता दिला आहे. तिथे पाठीच्या कण्यात स्टेम सेल (मूळ पेशी) टोचतात, खर्च काही लाख. मामा विचारतात: एक एकर विकून टाकू का? पोरगा चालेल का? आणि या आजारावर नवं संशोधन काय सांगतं?

भाऊ, शेत विकू नका.

मी धुळ्यात लहान मुलांची फिजिओथेरपी करते. धुळे, नंदुरबार, जळगाव या तिन्ही जिल्ह्यांतली सीपीची मुलं इतकी वर्षं बघते आहे, आणि दागिने मोडून, जमीन गहाण टाकून हा उपचार करून आलेली घरंही पाहिली आहेत. म्हणून आधी त्याच प्रश्नाचं उत्तर.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २०१७ साली स्टेम सेलबद्दल राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं काढली. रक्ताच्या आणि तशाच काही ठरावीक आजारांत केलं जाणारं प्रत्यारोपण सोडलं, तर बाकी आजारांवर स्टेम सेल देणं हा मान्य उपचार धरला जात नाही. ते फक्त परवानगी घेऊन, नोंदणी करून चाललेल्या संशोधनातच करता येतं, आणि संशोधनात भाग घेणाऱ्याकडून त्याचे पैसे घ्यायचे नसतात. तेव्हा त्या ठिकाणी फोन करून दोनच गोष्टी विचारा. तुमच्या चाचणीचा सीटीआरआयचा नोंदणी क्रमांक काय? आणि संशोधन असेल तर आमच्याकडून पैसे कशाचे? सीटीआरआय ही देशातल्या वैद्यकीय चाचण्यांची सरकारी नोंदवही आहे, मोबाइलवरही बघता येते.

या पेशींवरचं संशोधन खरोखर चालू आहे. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात मुलांच्या स्वतःच्याच नाळेतलं साठवलेलं रक्त त्यांना परत देऊन चाचणी झाली. २०१७ मध्ये तिचे निष्कर्ष छापले गेले. पेशी मिळालेला गट आणि न मिळालेला गट यांच्यात वर्षभरानंतर एकूण फरक दिसला नाही. ज्यांना पेशींची मात्रा जास्त मिळाली त्या मुलांत थोडी जास्त प्रगती दिसली. म्हणजे अभ्यास पुढे न्यावा असं काहीतरी त्यात आहे, पण एकर विकावा असं काहीही नाही.

आता तुम्हाला पाठवलेल्या त्या आधीच्या-नंतरच्या व्हिडिओंबद्दल. मला वाटतं, सीपीच्या प्रत्येक आईबापाला एक जुना प्रयोग माहीत असायला हवा. कॅनडात मुलांना दाबाखालच्या ऑक्सिजनच्या टाकीत बसवण्याचं खूळ पसरलं होतं. तिथल्या डॉक्टरांनी १११ मुलं घेतली. अर्ध्यांना दाबाखालचा शुद्ध ऑक्सिजन दिला, उरलेल्यांना त्याच टाकीत बसवून जरा दाब वाढवलेली साधी हवा. प्रत्येकाच्या चाळीस बैठका. कोणाला काय मिळतंय हे आईबापांना माहीत नव्हतं. २००१ मध्ये निकाल आला: दोन्ही गट सुधारले आणि जवळपास सारखेच सुधारले. मूल वाढतं, त्या दिवसांत त्याच्याकडे जास्त लक्ष दिलं जातं, आईबाप आशेने त्याला जास्त उभं करतात, खेळवतात. सुधारणा खरी असते, पण टाकीची नसते. सहा महिन्यांच्या अंतराने काढलेला कुठलाही व्हिडिओ मूल पुढे गेल्याचंच दाखवणार. म्हणून तुलनेला दुसरा गट नसलेल्या दाव्यावर पैसा लावू नका, सांगणारा कितीही मोठा असो.

आता बहिणीवरच्या आरोपाबद्दल लिहिते. हा परिच्छेद सासरच्यांना वाचून दाखवा.

मेंदूच्या आत पाण्याने भरलेल्या पोकळ्या असतात. पायांना हुकूम नेणारे तंतू त्या पोकळ्यांच्या अगदी कडेने जातात, हातांचे जरा लांबून, तोंडाचे आणखी लांबून. गर्भ सुमारे २४ ते ३४ आठवड्यांचा असताना या कडेच्या भागाचा रक्तपुरवठा फार नाजूक असतो. त्या काळात बाळ बाहेर आलं, श्वासाला त्रास झाला, संसर्ग झाला, रक्तदाब वरखाली झाला, की पहिला मार तिथेच बसतो. म्हणून सातव्या महिन्याच्या मुलांत पाय जास्त आखडतात, हात बरे राहतात आणि समज बऱ्याचदा चांगली असते. तुमच्या भाच्याचं वर्णन नेमकं असंच आहे. ग्रहण, भाजी, विळी यांचा या तंतूंशी काही संबंध नाही. आईच्या दोषाची ही भाषा आपल्याकडेच होती असंही नाही. लंडनचे सर्जन विल्यम लिटल यांनी १८६१ मध्ये या आजाराचं सविस्तर वर्णन केलं, तेव्हा सगळा भर अवघड बाळंतपणावर होता. १८९७ मध्ये सिग्मंड फ्रॉइड यांनी (ते तेव्हा मेंदूच्या आजारांवर काम करत होते) शंका घेतली, की बाळाला पोटातच काही झालेलं असेल आणि बाळंतपण त्यामुळेच अवघड गेलं असेल. पुढच्या मोठ्या अभ्यासांत त्यांचं म्हणणं बरंचसं खरं निघालं. श्रीमंत देशांत जन्मताना गुदमरल्यामुळे झालेली सीपी दहात एखादीच असते. आपल्याकडे हे प्रमाण जास्त आहे, आणि त्याचं कारण दवाखान्याचं अंतर आणि सोयी हे आहे, आईचं वागणं नव्हे.

मेंदूची ही इजा वाढत जात नाही. पण शरीर वाढतं. हाडं लांब होतात, ताठ स्नायू तेवढ्या वेगाने लांब होत नाहीत, सांधे ओढले जातात. म्हणूनच लहानपणी बरं चालणारं मूल दहाव्या-बाराव्या वर्षी गुडघ्यात वाकायला लागतं, आणि घरच्यांना वाटतं आजार वाढला. आपलं बरंचसं काम या वाढीवर लक्ष ठेवण्याचं असतं.

चालेल का? आमच्याकडे आलेल्या आज्यांचा पहिला प्रश्न हाच असतो, "चाली ना पोऱ्या?" आणि याचं उत्तर आज पूर्वीपेक्षा बरंच प्रामाणिकपणे देता येतं. १९९७ मध्ये कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात रॉबर्ट पॅलिसानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीपीच्या मुलांच्या हालचालींच्या पाच पातळ्या ठरवल्या. पहिल्या पातळीची मुलं चालतात, पळतात, फक्त वेग आणि तोल कमी पडतो. पाचव्या पातळीच्या मुलांना मान धरायलाही मदत लागते. मधली तिसरी पातळी म्हणजे घरात, वर्गात वॉकर किंवा कुबड्या घेऊन चालणारी, लांबच्या अंतराला व्हीलचेअर लागणारी मुलं. तुमच्या पत्रावरून भाचा तिसऱ्या पातळीच्या आसपास वाटतो. हात लावून तपासल्याशिवाय मी हे पक्कं सांगणार नाही, पण तुमच्या तिथल्या थेरपिस्टला "याची जीएमएफसीएस पातळी कोणती?" असं नेमकं विचारा; या पाच पातळ्यांचंच ते इंग्रजी लघुनाव. ज्यांना हा शब्द माहीत नाही त्यांच्याकडे महिन्याचे पैसे भरू नका.

२००२ मध्ये याच विद्यापीठाच्या गटाने ओंटारिओ प्रांतातल्या ६५७ मुलांच्या प्रगतीचे आलेख छापले. त्यातून कळलं, की उठणं, बसणं, चालणं या मोठ्या हालचालींची जवळजवळ नव्वद टक्के मजल मुलं पाच वर्षांच्या आतच मारतात. तिसऱ्या पातळीची मुलं तर पावणेचार वर्षांच्या आसपासच. हे वाचून तुम्हाला धक्का बसेल, मला कल्पना आहे. पण याचा अर्थ नीट समजून घ्या. मुलाची पातळी सहसा बदलत नाही, म्हणून कोणी "सहा महिन्यांत पळवतो" म्हणाला तर ते खोटं आहे. पण त्याच पातळीत एक मूल आयुष्यभर कडेवर राहतं, आणि दुसरं वॉकर घेऊन शाळेच्या पायरीपर्यंत जातं, स्वतः संडासला जातं, दुकानावर बसून हिशेब करतं. हा फरक मेंदूतल्या इजेमुळे पडत नाही. तो पडतो घर, साधनं, सराव आणि माणसं यांच्यामुळे. तुमचा पैसा आणि बहिणीची ताकद तिथे लागली पाहिजे.

मागच्या वीस-पंचवीस वर्षांत या क्षेत्रातलं मत मुळापासून बदललं. आम्ही शिकलो तेव्हा थेरपिस्टचे हात सगळं करायचे: मुलाला धरून योग्य हालचाल करवून घ्यायची, म्हणजे मेंदू शिकेल, अशी समजूत होती. ऑस्ट्रेलियातल्या आयोना नोव्हाक आणि त्यांच्या गटाने २०१३ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये सीपीवरचे सगळे उपचार पुराव्याच्या चाळणीतून काढले आणि त्यांना सिग्नलचे रंग दिले. हिरव्यात आले ते मुलाने स्वतः, खऱ्या जागी, स्वतःला हव्या असलेल्या कामासाठी केलेले सराव. दुसऱ्याने हात लावून करवून घेतलेली जुनी पद्धत लाल-पिवळ्यात गेली. मूल पडतं, चुकतं, पुन्हा करतं, तेव्हा मेंदू शिकतो. आपण त्याचा पाय उचलून ठेवला तर शिकतो आपला हात.

बहिणीचं ते तासभर ताणणं म्हणूनच आजपासून थांबवायला सांगा. तेल जरूर लावावं, मायेने लावावं, अंग मोकळं होतं, झोप चांगली लागते. पण काही मिनिटं हाताने ताणल्याने ताठ स्नायू कायमचा लांब होत नाही, हे अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. आणि मूल रडतं आहे म्हणजे दुखतं आहे. स्नायूला हवा असतो लांब वेळाचा, हलका ताण. तो बसण्या-उभं राहण्यातून द्या. घरात गादीचा कडक लोड असेल तर त्यावर दोन्हीकडे पाय टाकून बसवा आणि पुढे खेळणी ठेवा. मांड्या फाकलेल्या राहतात आणि हात मोकळे होतात. मांडी घालायला लावू नका, पाठ गोल होते आणि तो मागे पडतो. जेवताना, चित्रं काढताना पाय जमिनीला टेकतील अशा बुटक्या स्टुलावर बसू दे. दिवसातून थोडा वेळ उभं राहण्याची चौकट वापरा; मोजमाप दिलं तर गावातला सुतारही ती करून देतो.

आणि रोजचा सराव? आधी त्याला विचारा त्याला काय करायचं आहे. समजा, त्याला शेळ्यांच्या पिल्लांपर्यंत जायचं आहे. मग तेच ध्येय. ओट्यावरून उतरणं, उभं राहणं, भिंत किंवा वॉकर धरून गोठ्यापर्यंत जाणं, असे त्याचे तुकडे करा. उभं राहण्याचा सराव तेलाच्या पंधरा किलोच्या रिकाम्या डब्यावरून करता येतो. डब्यावर बसवा, टाचा जमिनीला, पायात स्प्लिंट (घोटा धरून ठेवणारा प्लॅस्टिकचा साचा), समोर त्याच्या छातीच्या उंचीला फळीवर त्याला हवी ती वस्तू. उठायचं, घ्यायची, बसायचं. जमायला लागलं की डब्याऐवजी दोन पाट एकावर एक, मग एकच. मागून हात फक्त पडू नये म्हणून. कमरेला धरून उचललंत तर सराव तुमचाच झाला. ऑस्ट्रेलियातल्या २००९ च्या एका अभ्यासात आईबापांनी घरी आठ आठवडे असाच ध्येय ठरवून सराव घेतला. बहुतेक दिवसाआड, एका वेळी पंधरा-वीस मिनिटंच. तेवढ्याने मुलांच्या कामात मोजता येईल असा फरक पडला. दोन तास रडवणाऱ्या घराला मी हा आकडा मुद्दाम सांगते.

शहाद्याकडची एक मुलगी माझ्याकडे येते. तिची उजवी बाजू कमजोर. डाव्या हाताला दिवसातला काही वेळ मऊ मोजा घालून उजव्या हाताकडूनच काम करवून घ्यायची पद्धत आहे, आणि त्या पद्धतीमागे चांगला पुरावा आहे. तिच्या आजीने तिला भुईमुगाच्या शेंगा फोडायला बसवलं. एका हाताने शेंग फुटत नाही, म्हणून पुढे मोजा काढून दोन्ही हातांचं कामही तेच झालं. कुठल्याही महाग खेळण्याने झालं नसतं इतकं काम त्या टोपलीने केलं. तुमच्या भाच्याचा त्रास दोन्ही पायांचा आहे, त्याला मोजा लागणार नाही, पण तत्त्व तेच.

आता ज्या गोष्टीबद्दल तुम्ही विचारलंच नाही, आणि मला सगळ्यात जास्त काळजी वाटते, ती सांगते. त्याच्या खुब्याचा एक्स-रे कधी काढला आहे का?

ताठ स्नायू मांडीचं हाड आत आणि वर ओढत राहतात. खुब्याचा गोळा वाटीतून हळूहळू बाहेर सरकतो. सुरुवातीला दुखत नाही, मूल तक्रार करत नाही, नुसतं हात लावून डॉक्टरांनाही कळत नाही. कळतं तेव्हा कधी गोळा पूर्ण निसटलेला असतो. मग मांडी फाकत नाही, शौचाला स्वच्छ करणं अवघड होतं, बसताना एक बाजू उचलली जाते, पाठीचा कणा वाकतो, आणि दुखणं सुरू होतं ते आयुष्यभराचं. ऑस्ट्रेलियातल्या २००६ च्या अभ्यासात सीपीच्या साधारण तीनपैकी एका मुलाचा खुबा सरकलेला सापडला. पहिल्या पातळीत जवळजवळ कोणाचाच नाही, तिसऱ्या पातळीत दहात चार, पाचव्या पातळीत दहात नऊ. स्वीडनच्या दक्षिण भागात १९९४ पासून प्रत्येक सीपीच्या मुलाचा ठरावीक काळाने एक्स-रे काढायचा कार्यक्रम सुरू झाला, आणि खुबा पूर्ण निखळण्याचं प्रमाण सुमारे आठ टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्याच्या आसपास आलं. नवं औषध नाही, नवं यंत्र नाही. वेळेवर बघणं, एवढंच.

एक्स-रे आपल्याकडे तालुक्यालाही निघतो, काही शेकड्यांत. फक्त नीट काढून घ्या: पाठीवर सरळ झोपवून, पाय सरळ, गुडघ्याच्या वाट्या छताकडे, कंबर न वळवता. फिल्मवर गोळ्याचा किती भाग वाटीबाहेर आहे ते टक्क्यांत मोजतात. तीस टक्क्यांच्या वर गेला तर लहान मुलांच्या हाडांच्या सर्जनकडे जायला उशीर करू नका. वेळेत लहान शस्त्रक्रियेवर भागतं, उशिरा गेल्यावर हाड कापून बसवावं लागतं. सगळं ठीक निघालं तरी सहा महिन्यांनी-वर्षाने पुन्हा काढा. जुन्या फिल्म जपून ठेवा, कारण एका फिल्मपेक्षा दोन फिल्ममधला फरक जास्त सांगतो.

शस्त्रक्रियेचा विषय निघालाच आहे तर एक सावधगिरी. "शीर मोकळी करून टाच टेकवून देतो" असं शिबिरात सांगतात. दोन्ही पाय ताठ असलेल्या लहान मुलाची नुसती टाचेची शीर लवकर सैल केली, तर पुढे गुडघे वाकून बसकं चालण्याचा धोका मोठा असतो, आणि ते दुरुस्त करणं टाच टेकवण्यापेक्षा कितीतरी कठीण. या वयात स्प्लिंट, प्लास्टर, गरज असेल तिथे बोटॉक्सचं (ताठ स्नायू काही काळ सैल करणारं) इंजेक्शन यांवर वेळ काढतात. बोटॉक्सचा परिणाम तीन-चार महिने टिकतो, म्हणून त्या दिवसांत सराव झाला तरच ते पैसे कामी येतात. कंबर, गुडघा, घोटा यांची दुरुस्ती मूल मोठं झाल्यावर, चालण्याचा नीट अभ्यास करून, शक्यतो एकाच वेळी करतात.

स्प्लिंटबद्दल आपल्या भागापुरतं एक: मे महिन्यात आपल्याकडे पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला जातो, प्लॅस्टिकच्या आत पाय शिजतो. आत सुती मोजा घाला, घाम आला की बदला, काढल्यावर लाल डाग बघा. वीस मिनिटांत डाग गेला नाही तर स्प्लिंट घासतो आहे, बनवणाऱ्याकडे परत न्या. उन्हाळ्यात दुपारी काढून रात्री गार झाल्यावर घातला तरी चालेल. याच दिवसांत पाणी कमी जातं आणि बद्धकोष्ठ होतो. पोट कडक असलेल्या मुलाचे पायही जास्त ताठतात, हे फार घरांना ठाऊक नसतं.

दुखण्याबद्दलही विचारत जा. सीपीच्या चारपैकी तीन जणांना कुठे ना कुठे दुखत असतं, साधारण चौघांत एकाला आकडी येते, पाचात एकाला झोपेचा त्रास असतो. मूल चिडचिड करतं त्याला हट्टी म्हणण्याआधी खुबा, दात, पोट बघा. बोलणं अडखळतं म्हणता, पण समजतं सगळं. मग चित्रांची एक वही करा. घर अहिराणी बोलतं तर वहीही अहिराणीत असू द्या, "भूक लागनी", "मले दुखस", "बाहेर जानं शे". घरची भाषा सोडून मराठीतच बोला असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. वही वापरल्याने बोलणं मागे पडत नाही, उलट मूल बोलायला धजतं.

तुमचं गाव निदान एसटीच्या रस्त्यावर आहे. धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून येणाऱ्या घरांना माझ्यापर्यंत पोचायला दिवस जातो, आणि ऊसतोडीला गुजरातेत गेले की सहा महिने दिसत नाहीत. म्हणून मला सगळ्यात आशा वाटते ती महागड्या यंत्रांच्या संशोधनाची नाही, तर गावातल्या कार्यकर्तीला शिकवून तिच्याकरवी आईबापांना घरीच तयार करण्याच्या संशोधनाची. पश्चिम बंगालमध्ये ऑस्ट्रेलियन आणि भारतीय संशोधकांनी मिळून असाच अभ्यास हाती घेतला. धोक्यातली बाळं लवकर ओळखायची आणि गावपातळीवरच काम सुरू करायचं. बाळाच्या हालचालींचा व्हिडिओ तीन ते पाच महिन्यांच्या वयात तज्ज्ञाने पाहिला तर सीपीचा अंदाज फार अचूक येतो, हे २०१७ पासून जगभर मान्य आहे. आपल्याकडे मात्र अजून "थांबा, उशिरा चालेल" म्हणत दोन-अडीच वर्षं जातात. आणि बाहेरचं सगळं जसंच्या तसं इथे चालतंच असं नाही. गुदमरलेल्या बाळाला ७२ तास थंड ठेवण्याचा उपचार श्रीमंत देशांत मेंदू वाचवतो. भारत, श्रीलंका, बांगलादेशात ४०८ बाळांवर तोच करून पाहिला तर २०२१ च्या निकालात फायदा दिसला नाही, मृत्यू उलट जास्त झाले. आपल्या बाळांवरचा अभ्यास आपल्याकडेच व्हायला हवा, तो यासाठी.

घरात पुढे कोणाचं बाळंतपण असेल तर एवढं ध्यानात असू द्या: वेळेआधी कळा आल्या तर नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग असलेल्या ठिकाणीच जा. बाळ फार लवकर येणार असेल तर आईला फुप्फुसांसाठी स्टेरॉइडचं आणि बाळाच्या मेंदूसाठी मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन देतात. मॅग्नेशियमने सीपीचा धोका साधारण तिसऱ्या हिश्शाने कमी होतो आणि ते अगदी स्वस्त औषध आहे. बाळ पिवळं दिसलं तर कोवळ्या उन्हावर भागवू नका, काविळीची तपासणी करा.

कागदपत्रांचं काम तुम्ही घ्या, बहिणीवर टाकू नका. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, नसेल तर आधी ते. मग राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत नाव घाला. वर्षाला एक लाखापर्यंतचं आरोग्य कवच आहे, त्यात थेरपीचा खर्चही धरतात आणि आधीच्या आजाराचं कारण देऊन नाव नाकारत नाहीत. ग्रामीण रुग्णालयात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक असतं, त्यांच्याकडून जिल्ह्याच्या डीईआयसी केंद्राची (मुलांमधले असे दोष लवकर ओळखून उपचार करणारं सरकारी केंद्र) चिठ्ठी घ्या. अंगणवाडीत आजच बसवा. सहाव्या वर्षापासून अठराव्यापर्यंत जवळच्या शाळेत मोफत शिक्षण हा २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने त्याला दिलेला हक्क आहे. "आमच्याकडे सोय नाही" असं मुख्याध्यापक म्हणाले तर लेखी मागा.

आणि बहीण. चार वर्षं ती एकटी उचलते आहे. मूल आणखी वाढेल, तिची कंबर वाढणार नाही. आठवड्यातले तीन दिवस संध्याकाळचा सराव तुम्ही घ्या, डब्यावरून उठण्याचा खेळ मामाबरोबर जास्त रंगेल. तिला शिवणकाम, नोकरी, शिक्षण, काही पुढे करायचं असेल तर तो वेळ तिला द्या. सीपीची बहुतेक मुलं मोठी होतात, म्हातारी होतात. पाच-सहा वर्षांत दमून गेलेली आई त्यांना पुरत नाही.

थेरपिस्टकडे जाताना जन्माच्या वेळचा डिस्चार्ज कागद, खुब्याचा एक्स-रे आणि मोबाइलवर तीन छोटे व्हिडिओ न्या: बसताना, सरकताना, जेवताना. व्हिडिओ काढताना पायजमा गुडघ्यांच्या वर दुमडा, टाचा दिसू द्या, आणि कोणी हात देऊ नका. त्याला आज जेवढं एकट्याला जमतं तेवढंच त्यात आलं पाहिजे.